मांडव्याच्या बोटीतून टग बघताना: मोठ्या जहाजांना छोट्या बोटी का लागतात?

तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज सिंगापूरहून निघतं आणि साडेचार हजार किलोमीटरचा समुद्र एकट्याने पार करून मुंबईच्या तोंडाशी येतं. वाटेत त्याला कुणाच्या मदतीची गरज पडत नाही. मात्र न्हावा शेव्याच्या धक्क्याला लागताना, अगदी शेवटच्या काहीशे मीटरसाठी, त्याला जेमतेम तीस मीटर लांबीच्या दोन-तीन बोटी लागतात. या बोटी म्हणजे टग.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली. तिच्या उघड्या डेकवर उभं राहिलं की साधारण तासाभरात मुंबई बंदराचं सगळं कामकाज डोळ्यांसमोरून जातं. टग, पायलट लाँच, ड्रेजर, कोळशाच्या बार्ज (सपाट मालवाहू बोटी), तेलाच्या विहिरींना सामान पुरवणाऱ्या बोटी, सगळं. मी अलिबागला जाताना रस्ता टाळून बोट धरतो त्याचं निम्मं कारण हे आहे. पण बरोबरच्या प्रवाशांशी बोलताना जाणवतं की त्यांना त्यात फक्त ‘मोठी जहाजं’ आणि ‘छोट्या बोटी’ दिसतात. थोडी माहिती असेल तर तोच तास फार वेगळा जातो. म्हणून हा लेख.

एकच गोष्ट पक्की धरून चाला: बंदरातली प्रत्येक छोटी बोट मोठ्या जहाजाची कुठली तरी एक अडचण भागवण्यासाठी तिथे आहे. अडचण समजली की बोट ओळखू येते आणि ती आत्ता काय करते आहे तेही कळतं.

हळू चालणारं जहाज सुकाणूचं ऐकत नाही

धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळहात काढून जरा तिरका केला की वारा हात ढकलतो. गाडी थांबली की हात कसाही वळवा, काही होत नाही. जहाजाचं सुकाणू असंच आहे. त्याच्यावरून पाणी वाहत असेल तरच ते जहाज वळवतं. वेग तीन-चार नॉटच्या खाली गेला, म्हणजे ताशी सहा-सात किलोमीटरच्या खाली, की सुकाणूची पकड सुटायला लागते. आणि धक्क्याला लागायचं तर वेग शून्यावर आणावाच लागतो. म्हणजे ज्या क्षणी सर्वांत अचूक हालचाल हवी, नेमकं त्याच क्षणी जहाजाच्या हातात काही उरत नाही.

इंजिन मदतीला येईल असं वाटतं, पण तिथेही अडचण आहे. बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांना एकच पंखा (प्रोपेलर) असतो आणि तो इंजिनाला थेट जोडलेला असतो. मध्ये गिअर नाही, क्लच नाही. मागे जायचं तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावं लागतं. उलटा फिरणारा पंखा जहाजाला नुसतं मागे ओढत नाही, त्याचं टोक एका बाजूला वळवतो. शिवाय इतक्या मोठ्या इंजिनाचा सर्वांत कमी वेगसुद्धा जहाजाला पाच-सात नॉटने पळवतो. बऱ्याच जहाजांना नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, आडवा छोटा पंखा असतो, त्याला बो थ्रस्टर म्हणतात. पण तो नाळ तेवढी हलवतो, आणि तीसुद्धा वेग अगदी कमी असतानाच.

आता यात वारा मिसळा. कंटेनर रचलेल्या जहाजाची पाण्यावरची बाजू तीनशे मीटर लांब आणि सरासरी चाळीस मीटर उंच धरली, तर बारा हजार चौरस मीटरची भिंत होते. ताशी 45 किलोमीटरचा वारा त्या भिंतीवर आडवा आला तर दर चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास दाब पडतो. हिशेब केला तर एकूण जोर शंभर टनांच्या वर जातो. वारा दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. मुंबईच्या पावसाळ्यात 45 किलोमीटरचा वारा ही नवलाची गोष्ट नाही.

त्यातच भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि तेवढं सगळं पाणी दिवसातून दोनदा खाडीत शिरतं, दोनदा बाहेर पडतं. पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी घन. त्यामुळे एखाद्या नॉटचा प्रवाहही आडवा लागला तर वाऱ्याहून जास्त त्रास देतो.

या सगळ्याला उत्तर म्हणून टग. त्याचं मुख्य काम जहाज ओढून नेणं हे नाही. जहाजाचं स्वतःचं इंजिन बहुतेक वेळ चालूच असतं. वेग उतरल्यावर सुकाणूचं जे काम बंद पडतं ते बाहेरून करून देणं, हे टगचं खरं काम.

साठ टन म्हणजे किती?

टगची ताकद ‘बोलार्ड पुल’मध्ये सांगतात. टगला जाड दोराने धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला बांधायचं, मध्ये वजन मोजणारं यंत्र लावायचं आणि इंजिन पूर्ण जोरात चालवायचं. टग जागच्या जागी पाणी घुसळत राहतो आणि दोरावर जो ताण सातत्याने टिकतो तो टनांत मोजायचा. मोठ्या बंदरांतले आजचे टग साधारण 50 ते 80 टनांचे असतात. साठ टन ओढणाऱ्या टगला पाच हजार अश्वशक्तीच्या आसपासची इंजिनं लागतात. बोटीची लांबी तीस मीटर आणि पोटात एवढी ताकद, म्हणून तो पाण्यात एवढा खाली आणि रुंद बसलेला दिसतो. बाहेर दिसणारं घर छोटं, पण पाण्याखाली जवळजवळ सगळं इंजिनच.

दीड लाख टनांच्या जहाजापुढे साठ टन ऐकायला किरकोळ वाटतात. गणित मात्र सुंदर आहे. एका टगने पूर्ण जोर लावून मिनिटभर ढकललं तर एवढं जहाज सेकंदाला पंधरा-वीस सेंटिमीटर एवढ्या वेगाने बाजूला सरकू लागतं. धक्क्याला लागताना मोठ्या जहाजाचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपासच ठेवतात, कारण त्याहून जोरात टेकलं तर धक्क्यावरचे रबरी फेंडर फुटतात किंवा जहाजाचा पत्रा वाकतो. म्हणजे मिनिटभराचा जोरसुद्धा जास्तच. म्हणून टग सतत ढकलत राहताना दिसत नाही. तो थोडं ढकलतो, थांबतो, पुन्हा ढकलतो, आणि शेवटी उलटा ओढून वेग मारतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. खरं तर बंदरातलं सर्वांत अवघड काम त्या वेळी चाललेलं असतं.

ढकलायचं कुठे हेही ठरलेलं असतं. मोठ्या जहाजाच्या बाजूवर इंग्रजीत ‘टग’ असं पांढऱ्या रंगात लिहून खाली बाण काढलेला दिसेल. त्या जागी आतून पोलादी आडव्या-उभ्या पट्ट्यांचा भक्कम आधार असतो. बाकीच्या ठिकाणी पत्रा तुलनेने पातळ, तिथे साठ टनांनी रेटलं तर खड्डा पडेल. दुर्बीण असेल तर ही खूण नक्की शोधा. आणि टगच्या नाळेवरचा तो जाडजूड काळा रबराचा पट्टा आणि भोवतीचे टायर बघा. जहाजाला टेकून रेटताना तेवढाच भाग दोन लोखंडांच्या मध्ये असतो.

पंख्याची करामत

जुन्या टगला साध्या बोटीसारखे मागे पंखे आणि त्यांच्यामागे सुकाणू असायचं. तो पुढे जोरात ओढायचा, पण आडवं सरकणं त्याला जमायचं नाही. आज मोठ्या बंदरांत दिसतात ते बहुतेक ‘एएसडी’ जातीचे टग. यांच्या मागच्या भागाखाली दोन पंखे असतात, प्रत्येकाभोवती लोखंडी कडं असतं आणि पूर्ण पंखाच उभ्या आसाभोवती 360 अंशांत फिरतो. सुकाणू नावाचा प्रकारच नाही. ज्या दिशेला पंखा वळवाल त्या दिशेला जोर. दोन पंखे वेगवेगळ्या दिशांना वळवून टग जागच्या जागी गोल फिरू शकतो, खेकड्यासारखा आडवा चालू शकतो आणि उलटाही जवळपास तेवढ्याच वेगाने पळतो. नाळ जहाजाकडे ठेवून उलटा चालणारा टग दिसला तर काही बिघडलंय असं समजू नका, त्याची ती कामाची पद्धत आहे.

दुसरी एक जात आहे, व्हॉइट-श्नायडर. एर्न्स्ट श्नायडर या ऑस्ट्रियन अभियंत्याची 1920 च्या दशकातली ही कल्पना. बोटीच्या तळाला एक आडवी चकती फिरते आणि तिच्यातून उभी पाती पाण्यात खाली लोंबतात. चकती एकाच गतीने फिरत राहते, फक्त पात्यांचा कोन बदलतो, आणि त्यावर जोर किती आणि कुठे हे ठरतं. इंजिनाचा वेग न बदलता क्षणात दिशा बदलते. हा प्रकार मला यंत्रशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो, पण तो पाण्याखाली असल्यामुळे कुणाला कधी दिसत नाही.

दोर चढवताना

टगचं काम जवळून बघायची संधी मिळाली तर दोर बांधतानाचे दोन-तीन मिनिट चुकवू नका. जहाज अजून पाच-सहा नॉटने चाललेलं असतं. टग त्याच्या नाळेखाली किंवा पिछाडीखाली शिरतो आणि वेग जुळवून घेतो. वरून जहाजाचा खलाशी हेविंग लाईन भिरकावतो. ही बारीक दोरी, टोकाला जड गाठ. टगवरचा खलाशी ती झेलून तिला जरा जाड दोरी बांधतो, आणि तिच्यामागे मुख्य दोर. वर विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) फिरते, दोराचा मोठा फास पंधरा-वीस मीटर चढून वर जातो आणि जहाजाच्या खुंट्यांवर बसतो. टगवरचा माणूस लगेच आत निघून जातो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही हा टगवर शिकायचा पहिला नियम. दोर तुटला तर तो मागे येतो ते डोळ्यांना दिसतही नाही, आणि त्याने पाय-हात तोडल्याची उदाहरणं जगभरच्या बंदरांत आहेत. आताचे कृत्रिम धाग्याचे दोर तेवढ्याच जाडीच्या पोलादी दोराइतके मजबूत आणि इतके हलके की पाण्यावर तरंगतात. पूर्वी पोलादी दोर चार जणांनी ओढावा लागे.

या वेळी जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पायलट (बंदराची वाट दाखवायला आलेला इथला जाणकार) उभा असतो, पाण्यापासून तीस-चाळीस मीटर उंचावर. नाळेच्या फुगवट्याखाली शिरलेला टग त्याला दिसतच नाही. दोघांमध्ये फक्त वायरलेस. ‘पुश हाफ’, ‘स्टॉप’, ‘पुल ईझी’ अशा दोन-दोन शब्दांच्या आज्ञा, आणि प्रत्येक आज्ञा टगचा मास्टर तशीच परत म्हणून दाखवतो. एकमेकांना न बघता लाखभर टनांचं काम दोघं बोलण्यावर करतात. आपल्याकडे टगवर रत्नागिरी-रायगडची माणसं पूर्वापार दिसतात. त्यांच्या या कौशल्याची नोंद किनाऱ्यावर फारशी कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

टगला सर्वांत मोठी भीती कसली? वादळाची नाही, बाजूने येणाऱ्या दोराची. टगचं ओढण्याचं टोक बोटीच्या मध्याजवळ असेल आणि जहाज अचानक पुढे गेलं किंवा वळलं, तर दोर टगला आडवा ओढतो. बोट एका कुशीवर कलते, डेक पाण्याखाली जातो, उघड्या दारांतून पाणी शिरतं आणि काही सेकंदांत टग उलटतो. म्हणूनच ओढायच्या हुकाला किंवा विंचला दोर तत्काळ सोडायचं बटण असतं, आणि म्हणूनच काम चालू असताना टगची दारं बंद ठेवायची सक्ती असते. एएसडी टग नाळेवरच्या विंचने ओढतात. दोराचा जोर नाळेवर आणि पंख्यांचा जोर मागे, त्यामुळे टग आपोआप दोराच्या रेषेत येतो आणि आडवा ओढला जाण्याचा धोका खूप कमी होतो.

उजवीकडे गोदी, डावीकडे जवाहर द्वीप

भाऊच्या धक्क्यावरून दक्षिणेकडे निघाल्यावर उजव्या हाताला मुंबई बंदराची इंदिरा गोदी लागते. 1914 मध्ये सुरू झालेली ही गोदी म्हणजे भिंतींनी बंद केलेलं पाणी. आत-बाहेर करायला लॉकगेट, म्हणजे पाणी अडवून धरणाऱ्या दरवाज्यांची वाट आहे, रुंदी तीस मीटरच्या थोडी वर. पंचवीस मीटर रुंदीचं जहाज त्यातून न्यायचं तर दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच मीटर उरतात. न्हावा शेव्याची अवाढव्य कंटेनर जहाजं इथे मावतच नाहीत. पुढे नौदलाची गोदी येते. तिकडे कॅमेरा रोखू नका, तिथे छायाचित्रणाला मनाई आहे.

डावीकडे जवाहर द्वीप. कच्च्या तेलाचे टँकर इथे रिकामे होतात आणि तेल समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातं. टँकरच्या छपराजवळ लाल झेंडा दिसेल, तो धोकादायक मालाचा. जवळपास घुटमळणाऱ्या टगच्या माथ्यावर तोफेसारख्या दोन नळ्या दिसल्या तर तो आग विझवायचीही तयारी ठेवून आहे असं समजा. या प्रकारच्या सर्वसाधारण मानकाप्रमाणे दोन नळ्या मिळून मिनिटाला चाळीस हजार लिटर पाणी 120 मीटर लांब फेकतात.

पायलट लाँच ओळखायला सोपी. छोटी, वेगवान, आणि झेंडा उभा अर्धा पांढरा, अर्धा लाल. रात्री वर पांढरा, खाली लाल दिवा. परक्या जहाजाच्या कप्तानाला मुंबईचे खडक, गाळ आणि प्रवाह माहीत नसतात. ही त्याची अडचण, म्हणून इथला माणूस त्याच्याकडे पाठवायचा. हा माणूस चढतो ते दोराच्या शिडीवरून, हलत्या लाँचवरून हलत्या जहाजावर. लाँच लाटेच्या माथ्यावर आली की शिडी पकडायची. खाली असताना पकडली तर पुढची लाट लाँचला वर आणते आणि पाय चिरडला जाऊ शकतो. नऊ मीटरपेक्षा जास्त चढाई असेल तर नुसती शिडी चालत नाही, वरच्या भागासाठी तिरका जिना सोडावा लागतो. एवढे नियम असूनही हे काम आजही जगातल्या धोकादायक नोकऱ्यांत आहे.

ड्रेजर मात्र सावकाश फिरताना दिसेल. ठाणे खाडी, पनवेलची खाडी, अंबा नदी सगळ्या इथे गाळ आणतात, आणि मोठ्या जहाजांना खोल वाट हवी असते. ड्रेजर तळाला मोठी नळी टेकवून गाळ-पाणी ओढतो, गाळ पोटात साठवतो, वरचं पाणी सोडून देतो. पोट भरलं की ठरलेल्या जागी लांब जाऊन तळाची दारं उघडतो. त्याच्या डोलकाठीवर काळा गोळा, चौकट (पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार), पुन्हा गोळा अशी खूण असते. अर्थ असा की मला वाट काढता येत नाही, तुम्हीच बाजूने जा. कोणत्या बाजूने हेही तो सांगतो. दोन गोळे ज्या बाजूला ती बंद, दोन चौकटी ज्या बाजूला ती मोकळी. रात्री बंद बाजूला दोन लाल, मोकळ्या बाजूला दोन हिरवे दिवे.

लांबट, मागे सपाट डेक आणि सगळं घर एकदम पुढे नेऊन बसवलेलं अशा बोटी नांगरावर दिसल्या तर त्या मुंबई हायकडे जाणाऱ्या. 1974 मध्ये तेल सापडलं ते क्षेत्र किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर. तिथल्या फलाटांना पाणी, डिझेल, नळ, अन्न सगळं या बोटींनी जातं. सपाट डेक त्यासाठीच.

मांडवा जवळ आला की रेवसच्या दिशेने बार्जची रांग दिसते. यातल्या पुष्कळ धरमतर खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि लोहखनिज नेतात. मोठं जहाज खाडीत शिरू शकत नाही, म्हणून ते बाहेर नांगर टाकतं आणि माल बार्जमध्ये उतरतो. भरलेली बार्ज इतकी खाली बसते की डेकला पाणी लागेल असं वाटतं, आणि परतताना तीच बार्ज ओळखू न येण्याइतकी उंच. गोव्यात मांडवी-झुवारीतून खनिज मुरगावला जातं ते याच पद्धतीने. आणि कोकणबोटीच्या काळात ज्या बंदरांना धक्का नव्हता तिथे आगबोट बाहेर थांबायची, माणसं आणि पेट्या पडावातून किनाऱ्याला यायच्या, तेव्हाही अडचण तीच होती आणि उपायही तोच.

दोर तुटला, टग नव्हता

टगचं महत्त्व त्याच्या गैरहजेरीत कळतं. जून 2011 मध्ये एमव्ही विस्डम हे जुनं जहाज कोलंबोहून अलंगला तोडायला चाललं होतं. त्याचं इंजिन बंद, एक टग ओढत होता. मुंबईजवळ पावसाळी समुद्रात दोर तुटला. जहाज वाहत वाहत वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या जवळून गेलं आणि जुहूच्या वाळूत रुतलं. मुंबईकरांनी गर्दी करून बघितलं ते हेच. ते काढायला तीनएक आठवडे गेले, कारण वाळूतून उचलायला पुरेशी उंच भरती येईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता. तुटलेला एक दोर आणि पाठोपाठ तीन आठवड्यांचं काम.

17 मे 2021 ची तौक्ते वादळाची आठवण जास्त कडू आहे. मुंबई हायवर कामगारांच्या राहण्यासाठी असलेली पी-305 ही बार्ज स्वतःचं इंजिन नसलेली होती, नांगरांवर उभी. नांगर सुटत गेले, बार्ज वाहत गेली आणि बुडाली. तिच्यावर 261 जण होते, सत्तरहून जास्त गेले. त्याच वादळात वरप्रदा हा टगही बुडाला. त्याच्यावरच्या 13 जणांपैकी दोघेच वाचले. नौदलाने त्या समुद्रात शिरून जी माणसं काढली ते धाडस मोठंच. पण इंजिन नसलेल्या बार्जवरची शेकडो माणसं वादळाची सूचना असताना समुद्रात का ठेवली, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. आपल्या पायाने न पळू शकणाऱ्या बोटीला वादळाच्या आधी दोन दिवस टग हवा. वादळात शिरल्यावर टगसुद्धा स्वतःचा जीव वाचवू शकत नाही, हे वरप्रदाने दाखवलं.

तिसरं उदाहरण अमेरिकेतलं. 26 मार्च 2024 ला बाल्टिमोर बंदरातून डाली हे तीनशे मीटर लांबीचं जहाज निघालं. खलाशी बहुतेक भारतीय. दोन टगनी त्याला धक्क्यापासून काढून वाटेला लावलं आणि नेहमीच्या पद्धतीने दोर सोडून ते परत फिरले. वीसेक मिनिटांनी जहाजावरची वीज गेली, सुकाणू आणि इंजिन दोन्ही निकामी झाले, आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला, पुलावर रस्ता दुरुस्त करणारे सहा कामगार मेले. टग पुलापर्यंत सोबत असते तर काय झालं असतं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण त्या वेगाला टगची पकडही कमी पडते. पण पुलाजवळून, तेलाच्या धक्क्याजवळून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला टगची सोबत किती अंतरापर्यंत असावी हा प्रश्न तेव्हापासून जगभरच्या बंदरांत विचारला जातो आहे. 2024 च्याच जानेवारीत शिवडीपासून सुरू होणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू आपल्या खाडीवर उभा राहिला, हे लक्षात घेता तो आपलाही प्रश्न आहे.

टगचं काम असं असतं की दिवसाचा मोठा भाग तो नुसता उभा असतो आणि अधूनमधून अर्धा-पाऊण तास प्रचंड जोर लावतो. काम झालं की पुन्हा त्याच धक्क्याला परत. म्हणजे विजेवर चालवायला याहून सोयीची बोट नाही. उभं असताना डिझेल जाळायला नको, आणि चार्जिंगची जागा ठरलेली. न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात 2022 पासून ‘स्पार्की’ नावाचा 70 टनांचा पूर्ण विजेवरचा टग काम करतो आहे. आपल्याकडे 2024 मध्ये ‘हरित टग’ योजना जाहीर झाली आणि पहिल्या टप्प्यात न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर, कांडल्याचं दीनदयाळ, पारादीप आणि तुतिकोरिन ही चार बंदरं घेतली गेली.

हे सगळं बघायचं असेल तर बोटीची वेळ नीट निवडा. खोल बसणारी जहाजं भरतीच्या आसपासच हलतात, इंदिरा गोदीचं लॉकगेटही त्याच सुमाराला गजबजतं. त्या दिवसाची भरती कधी आहे ते पंचांगात किंवा फोनवर बघा आणि तिच्या तासभर आधी सुटणारी बोट धरा. भांगाच्या, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीच्या, दिवसांपेक्षा अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असताना, ओढ जास्त असते आणि टगना कामही जास्त पडतं. जाताना डेकच्या डाव्या कठड्याला उभे राहा, न्हावा शेव्याच्या क्रेन घारापुरीमागून दिसतात आणि तिकडून निघालेलं जहाज टगसह समोरून येतं. येताना उजवीकडे.